वाट्याची कोंबडी

गावाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं वाड्यापासून सुरुवात करतात. मग देऊळ येतं, चावडी येते, कुणाचा बैल कुठल्या शर्यतीत पळाला ते येतं. कोंबडी कुठंच येत नाही. सातबाऱ्यावर तिची नोंद नसते. भाऊ वेगळे झाले की वाटणीत बैल, औत, भांडी, अगदी उंबराच्या झाडाचासुद्धा वाटा पडतो. कोंबड्या मात्र ज्या बाईच्या त्या बाईकडं राहतात. त्यावर कुणी भांडत नाही, कारण पुरुषांच्या हिशेबात ती मालमत्ताच नसते.

मी वाढलो ते गाव माणदेशातलं. पाऊस कमी, जोंधळा-बाजरीवर घर चालायचं, बाकीचं मेंढरं आणि मजुरी. पीक विकलं की पैसा आजोबांच्या कोपरीत जायचा. बाईच्या हातात रोख म्हणून जे काही यायचं, ते बहुतेक कोंबडीच्या पोटातनं. दोन अंडी दुकानात दिली की चहापूड आणि साखरेची पुडी मिळायची. बाजारच्या दिवशी एखादा कोंबडा गेला की बांगड्या, काडेपेटी, पोराच्या वहीचा खर्च निघायचा. त्यामुळं आमच्या भागातल्या बायकांचा इतिहास लिहायचा तर तो खुराड्यापासून लिहावा लागेल, असं मला वाटतं.

आमच्या घरी मात्र अडचण होती. आजोबा माळकरी. आषाढी-कार्तिकीची वारी कधी चुकवली नाही. "माझ्या उंबऱ्याच्या आत कोंबडं नको," हा त्यांचा शब्द, आणि त्यांच्या शब्दापुढं घरात कुणी बोलत नसे. आई लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून तिला एक तलंग मिळालेली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. ती घरात ठेवता येईना, आणि आईच्या आईनं दिलेली म्हणून विकवेना. शेवटी आईनं ती वाट्यानं दिली.

कुणाला दिली, हे महत्त्वाचं आहे. गावाच्या खालच्या अंगाला तेव्हा महारवाडा म्हणत. आज त्या वस्तीला नवं नाव आहे. तिथली एक म्हातारी सरपणाच्या वाटेवर आईला रोज भेटायची. आई तिला मावशी म्हणायची, आणि हे घरातल्या थोरांना आवडायचं नाही. आमच्या आडावर मावशीला पाणी शेंदता येत नव्हतं. कुणीतरी वरनं ओतायचं, तिनं खाली घागर धरायची. पण कोंबडीचा वाटा चालायचा. कोंबडी आईची, राखायची मावशीनं, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी-निम्मी. कागद नाही, साक्षीदार नाही. इतक्या वर्षांत त्या दोघींचा एका पिल्लावरनंसुद्धा वाद झाल्याचं मला आठवत नाही.

कोंबड्या वाढवायचं शास्त्र आई मावशीकडं शिकली आणि मी आईच्या मागं मागं जाऊन पाहिलं. गावरान कोंबडी एका वेताला बारा ते पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंग फुगवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, दाण्याला उठत नाही. मावशी म्हणायची, "ती मागतीया. आता न्हाई बसवलं तर मग कवा?" बसवायची अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फार मोठी नकोत, फार बारीक नकोत, आणि कवच खरबरीत नको. टोपलीत आधी चुलीची राख, म्हणजे उवा-पिसवा होत नाहीत. त्यावर मऊ काड, त्यावर अंडी. कोंबडीच्या पंखाखाली मावतील तेवढीच, अकरा नाहीतर तेरा. विजेच्या कडकडाटानं अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा नि कोळसा टाकायचा. खिळ्यानं काय होत असेल ते असो. राखेचा गुण मात्र खरा.

सातव्या-आठव्या दिवशी मावशी अंधाऱ्या खोपटात कौलाच्या फटीतनं येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेपुढं एकेक अंडं धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की ते अंडं जिवंत. नुसतं पिवळं, स्वच्छ दिसलं की ते भाकड, ते काढून घ्यायचं. एकविसाव्या दिवशी टोचा पडायचा. पिल्लू बाहेर यायला वेळ लावत असेल तर आम्हा पोरांचे हात शिवशिवायचे, पण मावशी हात लावू द्यायची नाही. "त्येचं त्येला येऊ द्या. वडून काढलेलं जगत न्हाई." पहिल्या दोन दिवसांत पिल्लाला फारसं खायला लागत नाही, कारण अंड्यातला बलक त्याच्या पोटात असतो. मग तांदळाची कणी, नाहीतर जोंधळ्याचा बारीक भरडा. आणि वाळवी. फुटक्या मडक्यात शेण आणि कडब्याचे तुकडे भरायचे, थोडं पाणी शिंपडायचं आणि जिथं वाळवी आहे अशा जागी ते पालथं घालायचं. रातभरात मडकं वाळवीनं भरतं. सकाळी ते पिल्लांपुढं उलटं केलं की जो गलका व्हायचा तो बघण्यासारखा असायचा. पिल्लाला लागणारी सगळी ताकद त्या फुकटच्या वाळवीत होती.

मग राखण. आकाशात घार, जमिनीवर मांजर आणि मुंगूस, आणि पावसात भिजून गारठणं वेगळंच. पिल्लं दोन महिन्यांची होईस्तोवर दिवसा डालग्याखाली, रात्री खुराड्यात. एवढं करूनही बारा अंड्यांतनं नऊ-दहा पिल्लं निघायची आणि हाताशी पाच-सहा लागायची. त्यातली निम्मी कोंबडे. वाटा पडला की आईच्या पदरात एखादी-दुसरी तलंग आणि एक कोंबडा. आता पुस्तकी हिशेब केला तर कोंबडी वर्षात तीनदा बसते, तिच्या पोरी पुढच्या वर्षी बसतात, तीन वर्षांत शंभर कोंबड्या व्हायला पाहिजेत. तशा कुणाच्याच झाल्या नाहीत. कोंबडा विकला जातो, पाहुणा आला की एक कापलं जातं, जत्रेला एक जातं, बाळंतिणीला एक जातं. उरतं ते मूळ भांडवल. पण हे मूळ टिकवणं, ते शून्यावर येऊ न देणं, हीच खरी कला.

कोंबडी माणसाकडं आली ती धान्याच्या मागं, असं अलीकडचे पुरातत्त्व-अभ्यासक सांगतात. आग्नेय आशियातल्या भात आणि भरडधान्याच्या पिकांच्या कडेला लाल रानकोंबडा दाणे वेचायला आला आणि हळूहळू माणसाळला. आपल्या सह्याद्रीत करडा रानकोंबडा असतो. पाळीव कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग त्या करड्या रानकोंबड्याकडनं आला, हे तिच्या रक्तातल्या गुणसूत्रांवरनं कळलं आहे. म्हणजे आमच्या उकिरड्यावर पाय झाडणाऱ्या कोंबडीच्या पिवळ्याधमक नळ्यांत आपल्याच डोंगराचा वाटा आहे. मावशीला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, तिथंबी निम्मं-निम्मंच झालं म्हणायचं.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी पाचवीत होतो. दुष्काळाबद्दल लिहिताना लोक जनावरांच्या छावण्या, सुकडी, खडी फोडणारी माणसं यांच्याबद्दल लिहितात, आणि ते खरंच आहे. आई आणि मावशी एकाच कामावर खडी फोडायला होत्या, शेजारी शेजारी बसून. पण कोंबड्यांचं काय झालं ते कुणी लिहीत नाही. कोंबडी जगते ती माणसाच्या सांडलेल्या दाण्यावर. खळं झालं नाही, जात्याभोवती पीठ सांडलं नाही, उकिरड्यावर खरकटं पडलं नाही, तर ती काय खाणार? बायकांनी आधी कोंबडे विकले, मग कोंबड्या, आणि सगळ्यांत शेवटी खुडूक बसणारी ती जुनी माय. त्या साली पहाटे गावात कोंबडा आरवायचा बंद झाला होता. कामावर जायला उठायचं कसं, म्हणून बायका शुक्राची चांदणी बघायच्या.

१९७४ साली आई पुन्हा शून्यावरनं सुरू झाली. कृष्णाकाठच्या गावात तिची बहीण दिलेली, तिकडं पाणी होतं, कोंबड्या टिकल्या होत्या. बहिणीनं एक कोंबडी आणि फडक्यात बांधून तेरा अंडी दिली. एसटीनं मांडीवर टोपली घेऊन आई आली आणि थेट मावशीच्या दारात गेली. घरी नंतर आली. त्या वर्षी आमच्या भागातल्या कितीतरी गावांत असंच झालं. लेकी ज्या-ज्या गावांत दिलेल्या, त्या-त्या गावांतनं कोंबडीचं बेणं परत आलं. सोयरीक जोडताना कुणी असा विचार केलेला नसतो, पण लेकीचं सासर ही कोंबडीच्या बेण्याची पेढी होती.

१९७७ साली मी दहावीला होतो. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. जोंधळा त्या साली नीट पिकला नव्हता, दादांनी आजोबांपुढं विषय काढला, आजोबा म्हणाले, "पुढच्या साली बसव." आईनं काही न बोलता कनवटीची गाठ सोडली आणि पैसे जमिनीवर ठेवले. चुरगळलेल्या नोटा आणि पुष्कळशी नाणी.

आजोबांनी विचारलं, "हे कुठलं?"

आई म्हणाली, "मामंजी, कोंबड्यांचं."

घर गप्प झालं. माळ घातलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत कोंबडीचा पैसा. मला वाटलं आता फॉर्म तर गेलाच, वर आईला बोलणी बसणार. आजोबा बराच वेळ त्या पैशाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोराचा फॉर्म भर." पैशाला त्यांनी हात लावला नाही. पंधरा दिवसांनी एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात ती कोंबडी बसती कुठं?" आणि त्या उन्हाळ्यात गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून दगडमातीचं खुराडं उभं राहिलं. उंबऱ्याच्या आत नाही. त्यांचा शब्द त्यांनी मोडला नाही. ते शेवटपर्यंत त्या बाजूला फिरकले नाहीत. अंड्याचं नावही त्यांच्यापुढं कुणी काढलं नाही.

घरी खुराडं झालं म्हणून आईनं वाट्याचा व्यवहार मोडला नाही. दोन कोंबड्या मावशीकडं, एक धनगरवाड्यातल्या एका बाईकडं, बाकीच्या घरी. मला ते वेडेपणाचं वाटायचं. आपल्याकडं जागा असताना निम्मी पिल्लं दुसऱ्याला का द्यायची? उत्तर दोन वर्षांनी उन्हाळ्यात मिळालं. मानमोडी आली.

मानमोडी ज्यानं पाहिली आहे तो विसरत नाही. कोंबडी आधी पेंगते, हिरवट-पांढरं हगते, मग मान पिळवटते, एका जागी गोल गोल फिरते आणि मरते. इंग्रजांच्या काळात, १९२७ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला हा रोग आढळला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात त्यावर लसही तयार झाली. पण मुक्तेश्वर कुठं आणि आमचं गाव कुठं! आमच्या खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या पाच दिवसांत गेल्या. वरच्या आळीत एक शिल्लक राहिली नाही. मावशीकडच्याही गेल्या. धनगरवाडा गावापासनं दोन मैल लांब, तिथली कोंबडी आणि तिची सात पिल्लं जगली. त्यातली वाट्याची तीन आली, आणि त्यातली एक आईनं मावशीच्या हातात ठेवली. तेव्हा मला कळलं, की वाटा म्हणजे दान नव्हतं. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नये, हे आई कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती.

याच सुमाराला सुधारित कोंबडी आली. १९६२ साली पंचायत समित्या झाल्या, पशुसंवर्धन खात्याची माणसं गावात येऊ लागली, पण आमच्या आडवळणी गावात पांढरी लेगहॉर्न प्रत्यक्ष दिसली ती ऐंशीच्या आसपास. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरनं तिचं नाव पडलं. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही अडीचशेच्या वर. कर्जावर पिंजरे आणि कोंबड्या मिळू लागल्या. आमच्या शेजारच्या एका घरानं घेतल्या. आई बघायला गेली. सगळं बघून तिनं एकच विचारलं, "ही बसती का?" साहेब म्हणाले, "नाही बाई, ही खुडूक होत नाही, म्हणून तर अंडी जास्त." आई घरी येऊन म्हणाली, "जी बसत न्हाई ती वाढायची कशी? दरसाली साहेबाकडंच जायचं."

तिचं म्हणणं अर्धंच खरं होतं. शहराला अंडं स्वस्तात मिळालं ते अशाच कोंबड्यांमुळं. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली, आणि अंड्याचा भाव उत्पादकाच्या हातात थोडाफार आला. पण शेजारच्या घरात खाद्य विकतचं, औषध विकतचं, वीज नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात कोंबड्या तडफडून मेल्या आणि कर्जाचा हप्ता पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. त्या घरच्या बाईकडं आधी गावरान आठ-दहा कोंबड्या होत्या. पिंजरा आला तेव्हा रोग लागेल म्हणून त्या मोडल्या. कर्ज नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या हातात. कोंबड्या वाढल्या आणि बाईची कनवट रिकामी झाली. हे कुठल्या अहवालात आलं नसेल, पण मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढं बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज आली. रंगीत, दणकट, परसात फिरणारी. ती आईला पटली. तिनं गिरिराजची अंडी आणली आणि गावरान खुडुकीखाली बसवली. बसायचं काम गावरान कोंबडीचं, वाढायचं काम गिरिराजचं. फक्त ती अंगानं जड, उडता येत नाही, म्हणून कुत्र्यांपासून जपावं लागायचं.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशातला तो पहिला. मोठमोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या दारच्या कोंबड्याही पथकांनी घरोघर जाऊन नेल्या. आमचं गाव तिथनं शेकडो मैलांवर, तरी बाजारात कोंबडी कुणी हातात धरीना. आई तेव्हा थकली होती. पेपरातला फोटो बघून ती म्हणाली, "त्या बायांनी बेणं कुठं लांब ठिवलं असंल का रं?" सरकारी भरपाईचा विचार तिच्या मनात आला नाही. बेण्याचा आला.

आज आई नाही, मावशी नाही. देशात मात्र परसातल्या कोंबड्या वाढताहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत त्या ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास भरल्या, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. शहरातली माणसं गावरान अंड्याला दुप्पट भाव देतात. मला बरेच जण विचारतात, की आम्हालाही दारात चार कोंबड्या ठेवायच्या आहेत, सुरुवात कशी करावी? मी त्यांना आमच्या भावजयीकडं पाठवतो. तिच्याकडं चाळीस कोंबड्या आहेत. ती सांगते ते थोडक्यात असं. पहिल्या वर्षी पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, जास्त नको. खुराडं जमिनीपासनं उंच, आत कोरडं, मुंगसाला शिरता येणार नाही असं. पिल्लांखाली चार बोटं तुसाचा थर, पहिला महिना बल्बची ऊब. पिल्लं बल्बखाली गर्दी करून ओरडत असली तर ऊब कमी, लांब पळून तोंड वासत असली तर जास्त. थर्मामीटरची गरज नाही. आणि लस चुकवायची नाही. सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन.

लसीची गंमत अशी, की एक बाटली शंभर पिल्लांची येते. एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. आणायची ती बर्फात. वीस पिल्लांसाठी एकटीनं आणणं कुणालाच परवडत नाही. म्हणून आमच्या गावच्या पाच-सहा बायका एकाच आठवड्यात कोंबड्या बसवतात, म्हणजे पिल्लं एकदम निघतात. लसीच्या दिवशी सगळ्याजणी पाट्यांत पिल्लं घेऊन भावजयीच्या अंगणात येतात. मावशीची नातसून तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणते, आणि थेंब सोडायचं कामही तीच करते, कारण तिचा हात हलत नाही. काम झालं की सगळ्यांचा चहा आमच्या स्वयंपाकघरात होतो. गावात अजून एक-दोन घरं अशी आहेत, की जिथं तिला ओट्यावरच बसवतात. त्या घरच्या पिल्लांनाही तीच थेंब घालते. बाटलीचे पैसे पिल्लामागं वाटून घेतात, आणि आईच्या वेळची एक गोष्ट त्यांनी अजून ठेवली आहे: प्रत्येकीच्या दोन कोंबड्या दुसरीच्या घरी असतात.